नऊशे रुपये गेले कुठे?

मुलांनो, उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, की आम्हां शिक्षकांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "सुट्टीत काय काय केलंत?" मग भराभर हात वर होतात. कुणी मामाच्या गावाला गेलेलं असतं, कुणी विहिरीत पोहायला शिकलेलं असतं, तर कुणी नुसतेच आंबे खाल्लेले असतात. (आंबे खाणं हेसुद्धा कामच आहे. मी त्याला पैकीच्या पैकी गुण देते!)

यंदा जूनच्या शेवटी मात्र हा प्रश्न मी एका मोठ्या मुलीला विचारला. बारा वर्षांपूर्वी ती माझ्या तिसरीच्या वर्गात होती. आता ती तालुक्याच्या कॉलेजात बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रस्त्यात भेटली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई, मी सहा आठवडे बँकेत होते. इंटर्नशिप केली."

"अरे वा! मग काय शिकलीस?"

ती जराशी हसली. "बाई, मी तिथे नऊशे रुपयांचा घोळ घातला. आणि तो घोळ बी. कॉम.चा नव्हता. तिसरीतला होता!"

तिसरीतला म्हणजे माझ्याच वर्गातला की! मग काय, तिला मी घरीच घेऊन आले. चहा झाला, चिवडा झाला आणि तिने मला सगळी हकिगत सांगितली. तीच आज मी तुम्हांला सांगणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जण आणखी पाच-सहा वर्षांनी असेच कुठेतरी इंटर्नशिपला जाल, तेव्हा ती उपयोगी पडेल.

खुर्ची मिळाली, ती दाराजवळची!

इंटर्नशिप म्हणजे आपल्या साध्या भाषेत शिकाऊ उमेदवारी. पूर्वी सुताराच्या, सोनाराच्या हाताखाली मुलं काम शिकत, तसंच हे. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात अशा प्रत्यक्ष कामाला जागा मिळाली आहे. म्हणून या ताईने आमच्या सातारा जिल्ह्यातल्याच एका सहकारी बँकेच्या शाखेत अर्ज केला आणि मे महिन्यात ती रुजू झाली.

पहिल्या दिवशी नवा ड्रेस घालून ताई ऐटीत गेली. मनात होतं, की आपल्याला टेबल मिळेल, कॉम्प्युटर मिळेल, निदान नोटा मोजायचं मशीन तरी चालवायला मिळेल. मॅनेजर साहेबांनी तिला खुर्ची दिली, पण ती दाराजवळची! आणि तीन गोष्टी सांगितल्या. "लोकांना स्लिपा भरून द्यायच्या. पैशाला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

ताई हिरमुसली. स्लिपा भरणं हे काय काम झालं? पण दोनच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की बँकेतलं निम्मं जग त्या दाराजवळच्या खुर्चीपाशीच येतं. चष्मा घरी विसरलेले आजोबा यायचे. खातं कुठलं आणि कर्जाचा हप्ता कुठला, यात गोंधळलेले तरुण यायचे. बचत गटाच्या पाच-सहा जणी एकदमच यायच्या आणि एकदमच बोलायच्या. आणि ज्यांना अक्षर ओळखता येत नाही, अशीही माणसं यायची. ती मात्र कुणाच्या नजरेला नजर न देता हळूच विचारायची, "एवढं भरून देतीस का, बाळा?"

स्लिप भरताना रक्कम दोनदा लिहावी लागते. एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरांत. दोनदा कशासाठी? ताईने हेच कॅशियर काकांना विचारलं. काका म्हणाले, "खिशात नोट आहे का? काढ बघू."

तुम्हीही घरातली एखादी नोट घेऊन पाहा. तिच्यावर रक्कम आकड्यांत असते आणि अक्षरांतही असते. हिंदीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत असतेच. शिवाय नोटेच्या मागच्या बाजूला एक चौकट असते. तिच्यात आणखी पंधरा भाषांत ती रक्कम लिहिलेली असते. मराठी त्यात वरून आठव्या ओळीवर आहे आणि कोकणी सहाव्या. आकडा एका फटकाऱ्यात बदलता येतो. १ चा ७ करता येतो, मागे एक शून्य वाढवता येतं. अक्षरं बदलणं तितकं सोपं नाही. म्हणूनच चेकसंबंधीचा जो १८८१ सालचा कायदा आपल्याकडे आहे, तो सांगतो, की आकडा आणि अक्षर जुळलं नाही, तर अक्षरांत लिहिलेली रक्कम खरी धरायची.

ताईने ही गोष्ट वहीत लिहून घेतली. पुढे हीच गोष्ट तिच्या अंगाशी येणार होती आणि हीच तिला सोडवणारही होती.

दोन किल्ल्या आणि एक तिजोरी

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काकांनी तिला बँकेच्या पोटात काय काय असतं, ते दाखवलं. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला, मग तो मॅनेजर का असेना, ती उघडता येत नाही. रोज सकाळी दोघांनी मिळून ती उघडायची आणि संध्याकाळी दोघांनी मिळून बंद करायची.

शंभर नोटांचं एक पाकीट आणि दहा पाकिटांचं एक बंडल. पूर्वी या पाकिटांना जाड पिना ठोकत असत. त्या काढताना नोटा फाटायच्या आणि बोटांतून रक्तही यायचं. २००१ साली रिझर्व्ह बँकेने पिना मारायला बंदी केली. तेव्हापासून पाकिटांना कागदाची पट्टी असते.

पण ताईला सगळ्यांत मोठा धक्का बसला, तो तिजोरी पाहून. ती केवढीशी! गावातल्या इतक्या माणसांचे पैसे एवढ्याशा जागेत मावतात कसे?

काका हसून म्हणाले, "अगं, ते इथे नसतातच. तुझ्या वडिलांनी ठेवलेले पैसे कुणाच्या तरी दुकानात असतात, कुणाच्या ट्रॅक्टरमध्ये असतात, कुणाच्या गोठ्यातल्या म्हशीत असतात!"

म्हणजे असं, की लोक बँकेत पैसे ठेवतात, त्यावर बँक त्यांना व्याज देते. त्यातला मोठा भाग बँक दुसऱ्यांना कर्ज म्हणून देते आणि त्यांच्याकडून थोडं जास्त व्याज घेते. मधला जो फरक राहतो, त्यातून बँकेचा खर्च चालतो. काही भाग नियमाप्रमाणे रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, काही सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. रोजच्या देण्याघेण्याला लागेल तेवढीच रोकड शाखेत असते. कर्जं बुडाली, तर बँक अडचणीत येते आणि मग ठेवीदारांच्या पोटात गोळा येतो. अशा वेळेसाठी ठेवींचा विमा असतो. एका बँकेत एका माणसाच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या रकमेला तो लागू आहे. २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती.

सहकारी बँकेची गोष्ट तर आणखी मजेची. १८८९ साली बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकर नावाच्या आपल्या एका मराठी माणसाने पुढाकार घेऊन 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली. अन्योन्य म्हणजे एकमेकांना. एकाची बचत दुसऱ्याच्या अडचणीला उपयोगी पडावी, अशी ही कल्पना. आपल्या देशातल्या शहरी सहकारी पतसंस्थांची सुरुवात इथूनच झाली, असं मानतात.

हे सगळं अर्थशास्त्राच्या पुस्तकात होतंच. "पण बाई," ताई म्हणाली, "पुस्तकात म्हैस नव्हती, त्यामुळे कळलं नव्हतं!"

बाजाराचा दिवस

आता येऊ या आपल्या नऊशे रुपयांकडे.

जूनचा पहिला आठवडा होता आणि त्यात आठवडी बाजाराचा दिवस. मृग तोंडावर आलेला. बी-खतासाठी पैसे काढायला आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं आली होती. बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. ताईला आता महिना होऊन गेला होता, हात सरावला होता. एकीकडे बोलायचं, एकीकडे लिहायचं, अशा स्लिपा ती धडाधड भरत होती.

एक आजी आल्या. हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात नीट गुंडाळलेलं पासबुक.

"किती काढायचे, आजी?"

"चोपन्नशे काढ, पोरी."

ताईने आकड्यांच्या चौकटीत रक्कम लिहिली. मग अक्षरांच्या ओळीत लिहिली. आजींनी साहेबांसमोर अंगठा उठवला. काउंटरवरच्या मॅडमनी स्लिप पाहून कॉम्प्युटरमध्ये नोंद केली, पासबुक छापून दिलं, साहेबांनी सही केली. आजींना टोकन मिळालं. नंबर पुकारल्यावर काकांनी पैसे मोजून दिले, आजींनीही बोटाला थुंकी लावून दोनदा मोजले आणि कनवटीला लावून त्या बाजाराकडे निघून गेल्या.

चार वाजता काउंटर बंद झाला आणि काका रोकड मोजायला बसले.

रोज संध्याकाळी बँकेत 'टॅली' करतात. सकाळची शिल्लक, त्यात दिवसभर आलेले पैसे मिळवायचे, गेलेले वजा करायचे. जे उत्तर येईल, तेवढेच पैसे काकांच्या पेटीत असायला हवेत. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्तही नाही. त्या दिवशी मात्र ९०० रुपये कमी भरले.

पुन्हा मोजले. ९०० कमी. मशीनमधून काढले. ९०० कमी. शिपाईमामांनी टेबलाखाली पाहिलं, कचऱ्याची टोपली उलटी केली. काही नाही. सगळ्या स्लिपा घेऊन मॅडम कॉम्प्युटरच्या यादीशी एकेक आकडा ताडून पाहू लागल्या. सगळे आकडे जुळले! तरी पैसे कमीच.

रोकड कमी भरली, तर ती कॅशियरने स्वतःच्या खिशातून भरायची, अशी रीत आहे. कुणी काही बोलत नव्हतं. सहा वाजून गेले होते. ताईला घरी जायला सांगितलं, तरी ती गेली नाही. कोपऱ्यात उभी राहून पाहत होती.

नऊचा भाग

काका डोळे मिटून पाच मिनिटं स्वस्थ बसले. मग म्हणाले, "नऊशेला नऊने भाग जातो. तेव्हा आता नोटा शोधू नका, आकडे शोधा."

हे काय गौडबंगाल? ऐका.

समजा, तुम्हांला ५४ लिहायचे आहेत आणि चुकून तुम्ही ४५ लिहिले. फरक किती? ९. आता ७२ च्या जागी २७ लिहा. फरक ४५, म्हणजे नवा पाचे. ८१ आणि १८ घ्या. फरक ६३, म्हणजे नवा साते. कोणतीही संख्या घ्या, तिच्यातल्या दोन अंकांची अदलाबदल करा. जो फरक येईल, त्याला नऊने भाग जाणारच!

असं का होतं? दशकाच्या घरातला अंक एककाच्या घरात आला, की तो दहापट होता, त्याचा एकपट होतो. म्हणजे स्वतःच्या नऊपट कमी होतो. आणि एककातला अंक दशकात गेला, की नऊपट वाढतो. कमी-जास्त दोन्ही नवाच्याच पटीत, मग फरकही नवाच्याच पटीत. एखादं शून्य सुटलं, तरी हेच होतं. ५०० ऐवजी ५० लिहिले, तर फरक ४५०, आणि ४५० ला नऊने भाग जातो. कॅल्क्युलेटर नव्हते, तेव्हापासून हिशेबनीस मंडळी ही युक्ती वापरत आली आहेत.

काकांनी तीन शक्यता मांडल्या. पहिली, १,००० च्या जागी १०० झाले असतील. तशी स्लिप शोधली, मिळाली नाही. दुसरी, ४५० रुपये दिले असतील, पण नोंद जमेच्या बाजूला झाली असेल. अशा चुकीत फरक दुप्पट होतो, म्हणून ९०० च्या निम्मे ४५०. तशीही स्लिप नव्हती. तिसरी, हजाराचा अंक आणि शेकड्याचा अंक यांची अदलाबदल झाली असेल. फरक नऊशेच आहे, म्हणजे ते दोन अंक शेजारी-शेजारचे असणार. १ आणि २, २ आणि ३, ४ आणि ५ असे.

दिवसभरात शे-सव्वाशे स्लिपा झाल्या होत्या. त्यांतून अशा फक्त सात निघाल्या. "आता आकडे पाहू नका," काका म्हणाले, "अक्षरं वाचा."

चौथ्या स्लिपवर मॅडम थांबल्या. आकड्यांत होतं ४,५००. अक्षरांत होतं, 'पाच हजार चारशे फक्त'.

मॅडमनी आकडा पाहून साडेचार हजारांची नोंद केली होती. काकांनी अक्षर वाचून पाच हजार चारशे दिले होते. कॉम्प्युटर म्हणत होता, ४,५०० गेले. पेटी म्हणत होती, ५,४०० गेले. मघाशी आकड्याशी आकडा ताडला, तेव्हा तो जुळला, कारण चूक दोन्हीकडे सारखीच होती!

स्लिपवर ती कुणी भरली, त्याचं नाव नसतं. बाजाराच्या दिवशी कोण कुणाला स्लिप भरून देतं, याचा पत्ताही नसतो. ताई गप्प बसली असती, तर कुणाला कळलंही नसतं. तिने मला सांगितलं, "बाई, खोटं कशाला बोलू, दहा सेकंद मी गप्प बसले होते. छाती धडधडत होती. मग म्हणाले, काका, हे अक्षर माझं आहे."

काका रागावले नाहीत, त्यांनी पाठही थोपटली नाही. म्हणाले, "तू उलटं लिहिलंस, मॅडमनी अक्षर वाचलं नाही, साहेबांनी तशीच सही केली आणि मी आकडा पाहिला नाही. एका चुकीला चार माणसं लागली." मग त्यांनी पाकिटातून ९०० रुपये काढले, पेटीत टाकले आणि दिवसाचा हिशेब बंद केला. आजींच्या संमतीवाचून त्यांच्या खात्याला हात लावता येत नव्हता. ताई निम्मे पैसे द्यायला लागली, तर म्हणाले, "ठेव. उद्या आजींना निरोप देऊ. बघू काय होतं ते."

आजींच्या पासबुकात ४,५०० छापले गेले होते. आजी म्हणाल्या असत्या, 'मला तेवढेच मिळाले', तर? त्या रात्री ताईला झोप लागली नाही.

आजींचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी निरोप द्यायची वेळच आली नाही. बँक उघडायच्या आधीच आजी पायरीवर बसल्या होत्या. बरोबर सातवीतला नातू होता.

झालं होतं असं, की पैसे काढल्याचा मेसेज घरच्या मोबाईलवर गेला होता. रात्री नातवाने तो वाचला. साडेचार हजार काढले. पण बियाणं आणि खत यांच्या पावत्या तर पाच हजारांच्या वर! शिवाय आजीच्या कनवटीला थोडे शिल्लक होतेच. त्याने वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली आणि आजीला म्हणाला, "आजे, आपल्याकडं नऊशे रुपये जास्त आलेत."

म्हणजे तिकडे बँकेत टॅली चालली होती आणि इकडे या पठ्ठ्याने घरी टॅली केली होती!

आजी काकांना म्हणाल्या, "मला वाचाया येत न्हाई, पर मोजाया येतं. मी चोपन्नशे मागितलं, तुमी चोपन्नशे दिलं. मग पुस्तकात कमी का?" काकांनी सगळं समजावून सांगितलं. ताईने पुढे होऊन माफी मागितली.

आजींनी मान हलवली. पण जायच्या आधी त्यांनी एक प्रश्न विचारला. "आन् उलटं झालं असतं तर? मला कमी दिलं असतं आन् पुस्तकात जास्त मांडलं असतं, तर मला बोलावलं असतं का?"

सगळे एकदम गप्प झाले. मॅनेजर साहेबसुद्धा.

काका म्हणाले, "आजी, तसं झालं असतं, तर माझ्या पेटीत ९०० जास्त भरले असते. जास्तीचे पैसे कॅशियरला घेता येत नाहीत. ते वेगळ्या खात्यात मांडून ठेवावे लागतात आणि कुणाचे ते शोधून परत करावे लागतात. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. म्हणून इथून जायच्या आधी पासबुक कुणाकडून तरी वाचून घेत जा. आम्हांलाच सांगा, 'वाचून दाखव' म्हणून. तो तुमचा हक्क आहे."

मग ताईने नवी स्लिप घेतली. आधी अक्षरांत लिहिलं, 'नऊशे फक्त'. मग आकड्यांत लिहिलं. मग आजींना मोठ्याने वाचून दाखवलं. आजींनी अंगठा उठवला, ९०० रुपये घेतले आणि काकांच्या हातावर ठेवले.

पुढचे सगळे दिवस ताईने हाच क्रम पाळला. आधी अक्षर, मग आकडा, मग वाचून दाखवणं. तिच्या खुर्चीपुढची रांग थोडी हळू सरकायला लागली, पण कुणाची तक्रार आली नाही.

चूक तिसरीतली

आता सांगते, ही चूक तिसरीतली कशी.

आजी म्हणाल्या, 'चोपन्नशे'. चोपन्न हा शब्द नीट ऐका. चो म्हणजे चार, पन्न म्हणजे पन्नास. आपण आधी एकक बोलतो आणि मग दशक. लिहिताना मात्र आधी दशक आणि मग एकक! घाईत कानाने 'चो' ऐकलं, हाताने आधी ४ काढले आणि मागून ५ आले. अक्षरांत लिहिताना 'पाच हजार चारशे' असा विचार करावा लागला, म्हणून ते बरोबर आलं.

शेजारच्या कानडीत त्रेपन्नला 'ऐवत्तमूरु' म्हणतात, म्हणजे पन्नास-तीन. जसं बोलायचं, तसं लिहायचं. तिकडे जर्मन भाषेत मात्र आपल्यासारखंच तीन-आणि-पन्नास म्हणतात. तिथल्या मुलांचीही अशीच गडबड होते. आपल्याकडे तर एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळीही आहेत. एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेपन्न'च्या जोडीला 'पन्नास तीन' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता! कुणी हसलं, कुणी रागावलं. मीही तेव्हा मनातून हसलेच होते.

ताई तिसरीत असताना 'त्रेपन्न' सांगितलं, की ३५ लिहायची. मी काय करायची? तोच आकडा दहा वेळा लिहून आण, म्हणायची. ती दहा वेळा बरोबर लिहून आणायची आणि अकराव्या वेळी पुन्हा चुकायची. ती का चुकते, हे मी तिला कधी विचारलंच नाही. तिच्या डोक्यात काही कमी नव्हतं. तिचा कान बरोबर होता, हात बरोबर होता, फक्त दोघांची दिशा उलटी होती. एवढं मी तेव्हा सांगितलं असतं, तर? चार माणसांच्या चुकीत पाचवी मीही आहे, असं मी ताईला म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या हो बाई, तुम्ही नऊचा पाढा तर पक्का करून घेतलात!"

पण आता माझ्या वर्गात मी 'दहा वेळा लिही' म्हणत नाही. संख्या ऐकायची, लिहायची आणि जे लिहिलं, ते वाचून दाखवायचं. बघा, निम्म्या चुका मुलांना आपल्या आपणच सापडतात.

तुम्ही काय कराल?

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना, बँक ठरवेल त्या मर्यादेत, स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. घरी विचारून जवळच्या बँकेत चौकशी करा. स्लिप स्वतः भरून पाहा. घरातल्या पासबुकावरचा आय. एफ. एस. सी. पाहा. त्यात अकरा अक्षरं-अंक असतात. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य आणि उरलेली सहा शाखेची. आणि घरात कुणाला वाचता येत नसेल, तर त्यांचं पासबुक महिन्यातून एकदा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आजींचा नातू सातवीतच होता, हे विसरू नका.

जाता जाता एक कोडं. एका दुकानदाराच्या गल्ल्यात संध्याकाळी ६३ रुपये कमी भरले. त्याच्याकडे त्या दिवशी दोन अंकी रकमांचीच बिलं होती आणि एका बिलात अंकांची अदलाबदल झाली होती. शून्य असलेलं एकही बिल नव्हतं. तर ते बिल कोणत्या दोन जोड्यांपैकी असेल? एक जोडी वर लेखातच येऊन गेली आहे. दुसरी तुम्ही शोधा आणि उत्तर मोठ्याने वाचून दाखवा!